चिठ्ठी नको, ओळख हवी
(नोकरीच्या शोधात असलेल्या सभासद-पाल्यांसाठी चार शब्द)



दसरा जवळ आला, बॉयलर अग्निप्रदीपनाची तारीख फळ्यावर लागली, की कारखान्यात उसाच्या आधी अर्ज येऊ लागतात. हंगामी कारकून, स्लिप बॉय, फिटर, वजनकाटा, शेतकी मदतनीस, जागा मोजक्या आणि अर्ज गठ्ठ्याने. आस्थापना विभागात बसून हे गठ्ठे वर्षानुवर्षे चाळताना एक गोष्ट ध्यानात आली. बहुतेक अर्ज एकाच साच्यातून काढलेल्या गुळाच्या ढेपांसारखे असतात. नाव तेवढे वेगळे, बाकी सारे तेच. अर्जामागचा माणूस मात्र तसा नसतो. तो अर्जात उतरलेलाच नसतो, एवढेच.

मागे वालूरकडचा एक मुलगा वडिलांसोबत आला होता. आयटीआय झालेला, फिटर. टेकण्याआधीच वडिलांनी खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली.

"साहेब, चिठ्ठी आणलीय. लेकराचं तेवढं बघा."

चिठ्ठी बाजूला ठेवून मुलाचा अर्ज मागितला. दोन पानी बायोडाटा. त्यात जन्मवेळ, रास, उंची, रक्तगट, वडिलांची शेती, मामाचे गाव आणि शेवटी छंद : वाचन व क्रिकेट.

"बाबा रे, हा अर्ज नोकरीचा का सोयरिकीचा?"

मुलगा लाजला. "डीटीपीवाल्याकडं हाच नमुना व्हता, साहेब."

"बरं, आयटीआय झाल्यावर काय केलंस?"

"काही नाही. घरीच हाव."

वडिलांना राहवले नाही. "घरी कशाचं? शिवारातल्या मोटरी हाच काढतो आन् हाच बसवतो. औंदा थ्रेशरचं बेअरिंग बी यानंच बदललं. मिस्त्री बोलवायचं काम पडलं नाही."

"मग हे अर्जात का नाही?"

"ते काय लिवायचं, साहेब? ते तर घरचं काम."

गोम आहे ती इथेच. वालूरची जुनी बारव आता पुष्कळांनी पाहिली असेल. पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात, अशी बांधणी सहसा बघायला मिळत नाही. ती गाळाने बुजली होती. गावकऱ्यांनी श्रमदान करून गाळ उपसला, तेव्हा बाहेरगावची माणसे ती पाहायला येऊ लागली. बारव काही नवीन बांधली नव्हती. होती तिथेच होती, दिसत नव्हती. आपल्या मुलांच्या अंगच्या हुन्नराचे असेच झाले आहे.

अर्जात काय लिहावे

इटलीचा लिओनार्दो दा विंची चित्रकार म्हणून जगाला माहीत आहे. सुमारे 1482 साली त्याने मिलान शहराच्या सत्ताधीशाकडे नोकरीसाठी पत्र लिहिले, त्याचा मसुदा आजही जपून ठेवलेला आहे. त्या सत्ताधीशाला लढाईची चिंता होती. म्हणून लिओनार्दोने पत्रात आधी हलके पूल, तोफा, वेढ्याची साधने अशी आपल्याला येणारी कामे एकामागून एक मांडली. चित्रकला येते, हे त्याने अगदी शेवटी सांगितले. समोरच्याची गरज आधी पाहिली आणि मग त्या गरजेला लागेल ते आपले काम पुढे ठेवले. पाचशे वर्षे झाली तरी चांगल्या अर्जाची रीत तीच आहे.

तेव्हा मुलांनो, अर्ज एका पानाचा करा. वर नाव, गाव आणि चालू असलेला मोबाईल नंबर. त्याखाली कोणत्या जागेसाठी अर्ज आहे ते स्पष्ट लिहा. 'मिळेल ते काम करीन' असे लिहू नका. वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. मग शिक्षण आणि मग केलेले काम. काम लिहिताना 'अनुभव आहे' एवढ्यावर भागवू नका. काय केले, किती केले, केव्हा केले, ते लिहा. 'पाणबुडी मोटर विहिरीतून काढणे, दुरुस्तीनंतर बसवणे, स्टार्टर जोडणे. दोन वर्षांपासून' या एका ओळीला छंदांच्या दहा ओळींपेक्षा जास्त वजन आहे. ठिबकचा संच जोडला असेल, दूध संकलनाचा हिशेब ठेवला असेल, बारवेच्या श्रमदानात माणसांच्या पाळ्या लावल्या असतील, तर तेही लिहा. रास, गोत्र आणि वडिलांची जमीन लग्नाच्या कागदासाठी ठेवा. जात, धर्म नमुन्यात विचारले असेल तरच लिहा.

आमच्या लेकी-सुनांसाठी एक वेगळे सांगणे आहे. बचत गटाची वही वर्षानुवर्षे लिहिणारी बाई अर्जात 'गृहिणी' एवढेच लिहिते. अहो, हप्त्यांची नोंद, व्याजाची आकारणी, बँकेचा भरणा, मासिक सभेचे इतिवृत्त, हा सगळा कारकुनीचाच अनुभव आहे. तो तसाच लिहावा.

खोटे मात्र एक अक्षर लिहू नये. संगणक येतो म्हणून लिहिले, की मुलाखतीत समोर संगणक ठेवतात. मग येत असलेल्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. आणखी एक इशारा. नोकरी लावतो म्हणून आधी पैसे मागणारा माणूस, मग तो फोनवर गोड बोलो की कोट घालून येवो, नोकरी देणारा नव्हे. त्याला पैसे देऊ नका आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या हवाली करू नका.

वशिला आणि ओळख

आता चिठ्ठीकडे येऊ. 'ओळखीशिवाय काही होत नाही' हे वाक्य आपण चावडीवर रोज ऐकतो. ते अगदी खोटे नाही.

मुंबईच्या कापड गिरण्यांत कोकणातून, घाटावरून माणसे भरती झाली ती जॉबरच्या हातून. गावचा माणूस आधी गावकऱ्यांच्या खोलीत उतरायचा आणि तिथूनच त्याला खाते मिळायचे. ओळखीने पोट भरले हे खरे, पण त्याच ओळखीने मान अडकवली. काम मिळवायला आणि टिकवायला जॉबरला दस्तुरी मोजावी लागे. 1931 साली ब्रिटिश अमदानीतल्या शाही कामगार आयोगाने आपल्या अहवालात शिफारस केली, की कामावर घेणे-काढणे जॉबरच्या हाती ठेवू नये. फार लांब कशाला जायचे? आपल्या मराठवाड्यातला ऊसतोड मजूर मुकादमाच्या ओळखीने आणि उचलीने कोयता घेऊन निघतो. ओळख कामापर्यंत नेते आणि उचल बांधून ठेवते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत.

म्हणून वशिला आणि ओळख यांतला फरक समजून घेतला पाहिजे. वशिला समोरच्याला डोळे मिटायला सांगतो : 'याला येवो न येवो, घ्या.' ओळख डोळे उघडायला सांगते : 'याचे काम एकदा बघा.' वशिल्याने लागलेला माणूस जन्मभर कोणाचा तरी मिंधा राहतो आणि चिठ्ठी देणारा पडला की तोही डळमळतो. कामाच्या ओळखीला तसले भय नाही.

ही ओळख कुठे मिळते? मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या नोकरदारांना त्यांची नोकरी कशी मिळाली ते विचारले. त्याचे पुस्तक 1974 साली निघाले. निम्म्याहून अधिक लोकांना नोकरी ओळखीतून कळली होती. पण ज्यांच्याकडून कळली, त्यांतले नेहमी भेटणारे थोडेच होते. बहुतेक अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारे होते. विचार केला तर कारण साधे आहे. आपल्या पारावर बसणाऱ्या चौघांना जे ठाऊक असते, ते आपल्याला आधीच ठाऊक असते. नवी खबर दुसऱ्या पारावरून येते. आयटीआयचे निदेशक, जुना वर्गमित्र, सुट्टीला आलेला शेजारगावचा कामगार, सुटे भाग विकणारा दुकानदार, ही ती माणसे. त्यांच्याकडे नोकरी मागू नका, माहिती मागा. 'मला अमुक काम येते, कुठे लागत असेल तर कळवा' एवढे सांगा आणि अर्जाची एक प्रत देऊन ठेवा. आणि काम झाले की आभाराचा फोन करायला विसरू नका. पुष्कळ जण तिथेच चुकतात.

ज्याला ओळखच नाही त्याचे काय?

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, दुकानदार ओळखायला खिशात पैका लागतो आणि पारावर बसायला जागा लागते. बरोबर आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पारावर बसू दिले नाही, त्यांची ओळख कोठून येणार?

2007 साली सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या 548 जाहिरातींना त्यांनी 4808 अर्ज पाठवले होते. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. सवर्ण नावाच्या अर्जाच्या मानाने दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक तृतीयांश. म्हणजे अर्ज कितीही नेटका केला तरी वाचणाऱ्याचा डोळा स्वच्छ नसेल तर तो अपुराच. हे सांगितल्याशिवाय मुलांना नुसता अर्जाचा उपदेश करणे बरे नव्हे.

यावर उपाय म्हणून सरकारने 1959 साली कायदा केला. 25 किंवा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांनाही रिकाम्या जागा रोजगार विनिमय केंद्राला कळवणे त्याने बंधनकारक केले, मात्र माणूस त्याच केंद्राकडून घेतला पाहिजे असे बंधन घातले नाही. म्हणून कार्डाचे नूतनीकरण करण्यात कित्येकांची उमेद सरली. पुढे 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सरकारी भरती करताना केंद्राकडून आलेल्या नावांवर न थांबता वर्तमानपत्रांतूनही जाहिरात द्यावी, म्हणजे सर्व पात्र उमेदवारांचा विचार होईल. आज नोंदणी शासनाच्या 'महास्वयम' संकेतस्थळावर होते. ती अवश्य करावी, पण तिच्यावर विसंबून घरी बसू नये.

आणि आपण सभासदांनी काय करावे? सहकार म्हणजे तरी काय? एकट्याला बँक उभी करत नव्हती, म्हणून माणसांनी एकमेकांची हमी घेतली. त्यातूनच प्रवरेच्या काठी 1950 साली पहिला हंगाम सुरू झाला. शेअर्ससाठी हमी घेणाऱ्यांनी गावच्या पोरांच्या कामाचीही हमी घ्यावी. जागा निघाली की तिची खबर चावडीवर, वस्तीवर, वाड्यावर, तांड्यावर सारखीच पोचावी. अर्ज वाचताना आडनावाआधी कामाची ओळ वाचावी. हे केले तर चिठ्ठीची गरजच उरणार नाही.

त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगून आटोपते घेतो. आमच्याकडे त्या वर्षी फिटरची जागा नव्हती. त्याने अर्ज एका पानाचा केला. सेलूत ज्या दुकानातून तो बेअरिंग नेत असे, तिथे एक प्रत देऊन ठेवली. त्या दुकानदाराच्या ओळखीतून वाळूजच्या एका लहान कारखान्याची खबर लागली. त्यांनी त्याच्यासमोर बिघडलेला पंप ठेवला. त्याने खोलून, दुरुस्त करून दाखवला आणि त्याला शिकाऊ म्हणून घेतले. पगार मोठा नाही, पण सही करताना हात थरथरला नाही, असे तो म्हणाला.

वार्षिक सभेला वडील भेटले. चिठ्ठीचे काय केले म्हणून विचारले.

"हाय की अजून खिशात," ते हसून म्हणाले. "पण आता काढायची लाज वाटते."