परोपजीवी माश्यांची नेमकी ओळख

पिकांवरील अळ्यांवर जगणाऱ्या परोपजीवी माश्या शेतकऱ्याच्या मित्र होत. दिसावयास त्या घरमाशीसारख्या, परंतु अंगावर राठ केस असलेल्या असतात. अनेक जातींची मादी अळीच्या अंगावर अंडी घालते. अंड्यांतून निघालेली पिल्ले अळीच्या शरीरात शिरून तिला आतून खातात. याच कुळातील उझी माशी मात्र रेशमाच्या किड्यांचा नाश करते. म्हणून माशी कोणत्या जातीची व ती कोणत्या अळीवर जगते, हे नेमके कळणे अगत्याचे आहे.

यांतील कित्येक जाती सूक्ष्मदर्शकाखालीही सारख्याच दिसतात. अशा वेळी डीएनए-बारकोडची पद्धत उपयोगी पडते. कॅनडातील शास्त्रज्ञ पॉल हेबर्ट व त्यांचे सहकारी यांनी ती २००३ साली मांडली. प्राण्यांच्या पेशींत डीएनए हे आनुवंशिक द्रव्य असते. त्यातील एका ठराविक जनुकाच्या सुमारे ६५० घटकांचा क्रम प्रयोगशाळेत वाचतात. हा क्रम एकाच जातीत जवळजवळ सारखा, तर भिन्न जातींत बहुधा वेगळा असतो. वेष्टनावरील रेघांवरून दुकानातील माल ओळखावा, तशी यावरून जात ओळखता येते. त्यासाठी माशीचा एक पायही पुरतो. मात्र तुलनेकरिता तज्ज्ञांनी ओळखलेल्या माश्यांचे क्रम आधी नोंदलेले असावे लागतात.

मध्य अमेरिकेतील कोस्टारिका देशात ग्वानाकास्ते येथील संरक्षित वनांतील अळ्यांपासून बेल्व्होसिया वंशाच्या माश्या मिळाल्या. बाह्यरूपावरून त्यांच्या २० जाती मानल्या होत्या. पैकी १७ ठराविक अळ्यांवरच, तर ३ अनेक प्रकारच्या अळ्यांवर जगतात, असा समज होता. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात बारकोडामुळे ही संख्या ३२ वर गेली. त्या ३ जाती म्हणजे वस्तुतः ठराविक अळ्यांवरच जगणाऱ्या १५ निराळ्या जाती ठरल्या. यावरून बोध असा की, एका अळीतून मिळालेली माशी दुसऱ्या अळीचा बंदोबस्त करीलच, असे गृहीत धरू नये.

शेतात अंगावर पांढरी अंडी चिकटलेली अळी आढळल्यास ती जाळीचे झाकण असलेल्या बरणीत त्याच पिकाच्या ताज्या पानांवर पोसावी. निघालेली माशी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावी; फॉर्मेलिनने डीएनए बिघडतो, म्हणून ते वापरू नये. पीक, अळी, गाव व तारीख यांची पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आत टाकावी आणि कृषि विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाशी संपर्क साधावा. बारकोड माशीची जात सांगतो. ती कोणत्या अळीची शत्रू आहे, हे त्या चिठ्ठीवरूनच कळते.