थंडीच्या धाकातली शाब्ली

शाब्ली आणि म्यूर्सो या पांढऱ्या वाइन, दोन्ही फ्रान्समधल्या बर्गंडीच्याच, दोन्ही शार्दोने द्राक्षाच्या. पण म्यूर्सो लोण्यासारखी मऊ, तर शाब्लीची धार जिभेला झोंबते. ही धार थंडीची देणगी आहे, आणि याच थंडीने शाब्ली जवळजवळ संपवली होती.

शाब्ली हे गाव योन जिल्ह्यातलं. एकोणिसाव्या शतकात या जिल्ह्यात सुमारे ४० हजार हेक्टरवर द्राक्षबागा होत्या. वाइनची पिंपं जवळच्या ओसेरला आणि तिथून नदीमार्गे पॅरिसला जात. मग पॅरिस-ल्यों-मार्सेय रेल्वे शाब्लीला बगल देऊन गेली आणि दक्षिणेची स्वस्त वाइन पॅरिसच्या गुत्त्यांत पोचली. पाठोपाठ वेलींची मुळं पोखरणारी फिलॉक्सेरा कीड आली. १९३८ साली शाब्लीच्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं खरं, पण १९५०च्या दशकात शाब्लीच्या बागा उरल्या जेमतेम ५०० हेक्टर.

खरा वैरी वसंतातला. एप्रिलमध्ये डोळे फुटतात, कोवळी फूट बाहेर येते आणि एका रात्रीत दव गोठून सगळं काळं पडतं. १९४५ साली जवळजवळ अख्खं पीक असंच गेलं. निफाडला पारा घसरला की बागायतदार शेकोट्या पेटवतात. तिथं काळजी घडांची, इथं फुटीची. शाब्लीतही ओळींमध्ये तेलाच्या शेगड्या लागल्या. पुढे उलटीच युक्ती आली: रात्रभर वेलींवर पाण्याचे फवारे. पाणी गोठताना उष्णता सोडतं, त्यामुळे बर्फाच्या कवचात कोंब शून्याच्या आसपास तग धरतो. फवारा मध्येच बंद पडला, तर मात्र कोंब गेलाच.

पीक हाती लागू लागलं तशा बागा वाढल्या. आज त्या ५ हजार हेक्टरांहून जास्त आहेत. शाब्लीची खास मानली जाणारी चुनखडीयुक्त किमरिजियन माती सोडून पलीकडच्या जमिनीला शाब्लीचं नाव द्यावं का, यावर गावात दोन तट पडले. मला विस्ताराच्या विरोधकांचं म्हणणं पटतं, पण बाजाराला नाही पटलं. तिकडे अमेरिकेत तर कुठल्याही स्वस्त पांढऱ्या वाइनवर ‘शाब्ली’ छापलं जात होतं! शाब्लीत वाइन बनवायला स्टीलच्या टाक्या आल्या, तरी राव्हनो आणि दोविसा या वाइन बनवणाऱ्या घराण्यांनी लाकडी पिंपं सोडली नाहीत.

आता हवा तापते आहे, पण धोका टळलेला नाही. उबदार मार्चमुळे डोळे लवकर फुटतात आणि एप्रिलच्या तावडीत सापडतात. २०१६ आणि २०२१ साली तेच झालं. दुसरीकडे, २०१८सारख्या उष्ण वर्षी तोडणी ऑगस्टअखेरच सुरू होते आणि द्राक्षातला आंबटपणा उतरतो. म्हणून वाइनच्या यादीत २०१४ आणि २०१८ दोन्ही असतील, तर मी २०१४च मागवतो.