विंडोज राहू द्या, लिनक्सला वेगळी डिस्क द्या

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी, लक्ष्मीपूजनाला आठवडा उरला असताना, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. सुरक्षेची मुदत वर्षभर वाढवून घेण्याची सोय कंपनीने ठेवली होती, पण ती तात्पुरतीच. विंडोज ११ वर जावं, तर अटी आडव्या येतात: मदरबोर्डवर टीपीएम २.० ही सुरक्षा चिप हवी आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. म्हणजे २०१६ साली हौसेने घेतलेला सातव्या पिढीचा आय-फाइव्ह बाद! मशीन मात्र ठणठणीत चालतंय. जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी टाकली, तर आणखी चार-पाच वर्षं सहज काढेल.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात असे संगणक घाटावरही आहेत आणि घाटाखालीही. खामगाव-मलकापूरच्या अडत दुकानांत त्यांच्यावर टॅली चालतं. चिखली-मेहकरच्या छापखान्यांत श्री-लिपी आणि पेजमेकर चालतं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ साली आली. त्यानंतर अडोबीने ते पुढे नेलंच नाही. तरीही लग्नपत्रिका, कार्यअहवाल आणि खरं सांगायचं तर कित्येक दिवाळी अंक आजही त्यातच जुळतात. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीचे जुने फॉन्ट युनिकोडचे नाहीत, आणि वीस वर्षांच्या फायली त्याच फॉन्टमध्ये अडकून पडल्या आहेत. अशा माणसाला ‘विंडोज सोडा, लिनक्स घ्या’ असं सांगणारा एक तर त्याच्या दुकानात कधी बसलेला नसतो किंवा त्याचं बिल त्याला भरायचं नसतं.

दुसरीकडे, शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा चिखलीच्या अनुराधा अभियांत्रिकीत शिकणाऱ्या त्याच घरातल्या मुलाला लिनक्स लागतं. हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली ही प्रणाली आज जगातल्या बहुतेक सर्व्हरवर चालते, आणि अँड्रॉइड फोनच्या पोटातही तिचाच गाभा आहे. प्रोग्रॅमिंग शिकायचं तर तिच्याशी ओळख हवीच. आणि जुन्या मशीनवर बँकेचे व्यवहार, मेल, सरकारी पोर्टल हे सगळं सुरक्षितपणे करायचं असेल, तर सुरक्षेचे अपडेट मिळणारी, फुकटची आणि हलकी प्रणाली म्हणून लिनक्स मिंटसारखा पर्याय समोर आहेच.

एका संगणकावर दोन प्रणाली ही काही नवी गोष्ट नाही. २०१३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने बारावी झालेल्या मुलांना वाटलेल्या लॅपटॉपमध्ये विंडोज ७ आणि उबुंटू एकत्र होतं. पण ते एकाच डिस्कचे तुकडे पाडून. बहुतेक लोक आजही तसंच करतात, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे.

संगणक सुरू झाला की मदरबोर्डवरचं यूईएफआय नावाचं फर्मवेअर आधी जागं होतं. ते डिस्कवरचा ईएफआय विभाग शोधतं. या छोट्याशा विभागात, विंडोजने केला असेल तर बहुधा शंभर एमबीच्या, प्रणाली सुरू करून देणारे बूट लोडर ठेवलेले असतात. विंडोजचा स्वतःचा बूट मॅनेजर, लिनक्सचा बहुधा ग्रब. एकाच डिस्कवर दोन्ही प्रणाली असल्या की दोघांचे लोडर त्याच विभागात राहतात. एका बाजूला अपडेट, दुरुस्ती किंवा पुन्हा इन्स्टॉलेशन झालं की दुसऱ्याचा मार्ग बंद पडू शकतो, आणि डिस्कच बिघडली तर दोन्ही गेले. भावांनी वाड्याची वाटणी केली पण सदर दरवाजा एकच ठेवला, तर कुलूप कोणाचं यावरून जे होतं, तेच इथे होतं. दोन डिस्क असल्या की प्रत्येकीला स्वतःचा ईएफआय विभाग, स्वतःचा लोडर. लिनक्स बिघडलं तरी टॅली उघडतं, आणि मार्चअखेरीला त्याची किंमत काय असते हे अडत्याला सांगावं लागत नाही.

डेस्कटॉपमध्ये दुसरी डिस्क बसवणं सोपं आहे. मदरबोर्डवर साटाची मोकळी जागा असते, पॉवर सप्लायमधून एखादी तार लोंबत असते. अडीच इंची साटा एसएसडी आणि एक डेटा केबल एवढ्यावर भागतं. मिंटला किमान वीस जीबी लागतात, शंभर असतील तर ऐसपैस. बाजारातली २४० किंवा २५६ जीबीची छोटी डिस्क पुरून उरते. लॅपटॉपमध्ये एम-डॉट-टू ची दुसरी जागा असेल तर उत्तम. जुन्या लॅपटॉपचा डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडी बसवता येते, पण ती ९.५ मिलिमीटरची हवी की १२.७ ची, हे आधी मोजा. नाही तर दुकानात दुसरी फेरी आलीच.

आता काम. पहिलं, विंडोजच्या डिस्कवरचा महत्त्वाचा सगळा डेटा बाहेर काढून ठेवा. टॅलीचा बॅकअप तर दोन ठिकाणी. दुसरं, डिस्कला सांकेतिक कुलूप लावणारं विंडोजचं बिटलॉकर चालू आहे का ते बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, कारण बूटच्या सेटिंगला हात लागला की विंडोज ती मागू शकतं. तिसरं, ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असताना विंडोज ‘शटडाउन’ म्हणूनही पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग लिनक्समधून त्या डिस्कवर लिहिता येत नाही, किंवा जबरदस्तीने लिहिलं तर फायली खराब होतात. चौथं, सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ‘बायोस मोड’पुढे यूईएफआय लिहिलंय की लेगसी, ते पाहून ठेवा. लिनक्सही त्याच पद्धतीने बसवा. दोन पद्धती मिसळल्या तर ग्रबच्या यादीतून विंडोज उघडत नाही.

मिंटची फाइल सुमारे तीन जीबीची आहे. तालुक्याच्या नेटवर ती मध्येच तुटते, म्हणून उतरवल्यावर चेकसम जुळवून बघण्याचा कंटाळा करू नका. मग रुफस किंवा एचर वापरून ती पेन ड्राइव्हवर चढवा.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट: इन्स्टॉल करण्याआधी संगणक बंद करा, वीज काढा, डबा उघडा आणि विंडोजच्या डिस्कची केबल सोडवा. एम-डॉट-टू असेल तर तिचा स्क्रू काढून तिला बाजूला ठेवा. कारण सांगतो. उबुंटूचा जुना इन्स्टॉलर, जो मिंटही वापरत आला आहे, त्याची वर्षानुवर्षांची खोड अशी की लोडरसाठी तुम्ही दुसरी डिस्क निवडली तरी तो ग्रब पहिल्या डिस्कच्या ईएफआय विभागात नेऊन ठेवतो. तुम्हाला वाटतं दोन दरवाजे झाले. प्रत्यक्षात जुना एकच. विंडोजची डिस्क समोरच नसेल तर ही चूक होऊच शकत नाही. शिवाय ‘डिस्क पुसून इन्स्टॉल करा’ हा पर्याय दाबताना छातीत धडधडत नाही. पुसायला एकच डिस्क असते, नवी. एक मात्र, डेस्कटॉप यूपीएसवरच असू द्या. आपल्याकडे वीज कधी जाईल याची वेळ महावितरणही सांगू शकत नाही.

झालं की बंद करून जुनी केबल पुन्हा जोडा. सुरू करताना बूट मेनूची कळ दाबली की दोन्ही प्रणाली दिसतात: डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ-१२, एचपीवर एफ-९, एमएसआयच्या बोर्डवर एफ-११. रोज जी लागते ती बायोसमध्ये पहिली लावून ठेवा.

पहिल्याच दिवशी एक गंमत होईल. लिनक्समधून विंडोजमध्ये आलात की घड्याळ साडेपाच तास मागे! मदरबोर्डच्या घड्याळात लिनक्स जागतिक प्रमाणवेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, आणि भारताचा फरक साडेपाच तासांचा. टॅलीत व्हाउचरची तारीख चुकायला एवढं पुरे. लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगणारी एका ओळीची आज्ञा आहे. ती दिली की भांडण मिटतं.

वेगळी डिस्क म्हणजे सगळ्या दुखण्यांवर औषध नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटने लिनक्सचे जुने लोडर बाद ठरवले आणि जगभर अनेकांचं लिनक्स सुरू होईना. ती बंदी डिस्कवर नव्हे, तर मदरबोर्डच्या स्मृतीत नोंदली गेली होती. म्हणून दोन डिस्कवाल्यांनाही फटका बसला. लोडरची तपासणी करणारं फर्मवेअरमधलं सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून, लिनक्स अपडेट करून वाट काढावी लागली.

शिवाय जुन्या विंडोज १० ला नेट देऊ नका. त्याची लॅनची तार, वायफाय बंद. टॅली आणि श्री-लिपी यांना रोजच्या कामात इंटरनेट लागतच नाही. पेन ड्राइव्हमधून व्हायरस येतोच, तेवढं भान ठेवा. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. बोटांच्या ठशांची यंत्रं आणि डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल नेटवर चालतात आणि त्यांची भिस्त मुख्यतः विंडोजवर. त्यांना पाठिंबा असलेलं विंडोज, म्हणजे बहुधा नवं मशीनच, घ्यावं लागेल.

जुन्या डेस्कटॉपवर कधी असंही होतं: सकाळी सुरू केला की बूटचा क्रम बदललेला आणि तारीख भलत्याच सालातली. लिनक्सला दोष देण्याआधी मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ हा तीन व्होल्टचा गोल सेल बदला. तो घड्याळवाल्याकडेही मिळतो.