टर्बोच्या नळीवर नळाची टेप

‘आट्यांवर टेफ्लॉनचे दोन वेढे मार, थेंब गळणार नाही.’ गाडीला मोठा टर्बो बसवायला निघालेल्या हौशी माणसाला हा सल्ला कुठे ना कुठे मिळतोच. टर्बो, इंटरकूलर आणि ट्यूनिंगवर लाखांत खर्च झालेला असतो. शेवटी तेलाच्या नळीचा जोड येतो आणि तो मात्र हार्डवेअरच्या दुकानातल्या पांढऱ्या टेपच्या भरवशावर सोडून दिला जातो. बाथरूमच्या नळाला ही टेप उत्तम आहे. टर्बोच्या बहुतेक जोडांवर तिचं काही काम नाही, आणि काही ठिकाणी तर ती टर्बोच संपवू शकते.

मुळात गळती कुठे अडते, हा प्रश्न टेप गुंडाळणारे विचारतच नाहीत. आफ्टरमार्केट टर्बोच्या नळीवर सहसा एएन जातीचे जोड असतात, विमानांच्या तेल-इंधनाच्या नळ्यांसाठी अमेरिकी लष्कराने ठरवलेल्या मानकातून आलेले. त्यात एका बाजूला ३७ अंशांचा शंकू असतो, समोर त्याच कोनाची बैठक. नट आवळला की धातूवर धातू दाबला जातो आणि तेल तिथेच थांबतं. आट्यांचं काम फक्त ओढून धरण्याचं. बैठक चांगली असेल, तर तेल आट्यांपर्यंत पोचतच नाही. बैठकीवर चरा असेल, तर ते शंकूवरून निसटून नळी आणि नट यांच्यामधल्या फटीतून मागच्या बाजूने बाहेर येतं. आट्यांवर टेपचे दोन वेढे असोत की वीस, त्या वाटेवर ती लागतच नाही.

उलट आवळताना टेपच्या कडा कातरल्या जातात आणि तिचे तंतू नळीत शिरू शकतात. ‘एवढासा तंतू काय करणार?’ असं म्हणणाऱ्यांनी टर्बोच्या तोंडाशी असलेलं छिद्र एकदा पाहावं. बॉल बेअरिंगच्या टर्बोला तेल मोजकंच लागतं, म्हणून तिथे रिस्ट्रिक्टर बसवतात. गॅरेट या टर्बो उत्पादकाच्या मार्गदर्शनानुसार त्याचं छिद्र किमान ०.०४० इंच असावं, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. इंजिनाचा ऑइल फिल्टर या जोडाच्या आधी येतो, त्यामुळे फिल्टरनंतर पडलेला कचरा अडवायला पुढे कुणी नाही. टेफ्लॉन ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. इंजिन ऑइल तितकं तापत नाही, आणि टेफ्लॉन तेलात विरघळतही नाही. म्हणजे तो तंतू जसाच्या तसा छिद्राशी जाऊन बसणार. पलीकडे टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या घेत असतो, तोही बारीकशा तेलाच्या थराच्या भरवशावर. तो थर तुटला की बेअरिंग जळायला वेळ लागत नाही.

हे कुणाला अतिशयोक्त वाटेल, तर युरोपातलं एक गाजलेलं उदाहरण आहे. प्यूजो-सिट्रोएन आणि फोर्ड यांच्या १.६ लिटरच्या डिझेल इंजिनात टर्बोला तेल देणाऱ्या पोकळ बँजो बोल्टमध्ये एक बारीक जाळी होती. इंजिनातला काजळीचा गाळ त्या जाळीत साचायचा, तेल अडायचं आणि टर्बो जायचा. गॅरेजवाले नवा टर्बो लावायचे, नळी मात्र जुनीच ठेवायचे, आणि नवा टर्बोही जायचा. शेवटी तेलाची नळी आणि बोल्ट बदलल्याशिवाय वॉरंटी नाही, अशी अट टर्बो विकणारे घालू लागले. भारतात आलेल्या फोर्ड फिगोचं १.४ लिटर डिझेल इंजिन याच घराण्यातलं.

मग टेपची कल्पना आली कुठून? निमुळत्या आट्यांवरून. अमेरिकी एनपीटी जातीचे आटे पुढे बारीक होत जातात आणि एकमेकांत रुततात, तरी त्यांच्या माथ्या-पायथ्याशी एक वळणावळणाची फट उरते. ती बुजवायला खरोखरच काहीतरी लागतं. इंजिन ब्लॉकमधून तेल घेणाऱ्या टोकाला किंवा टर्बोवरच्या अडॅप्टरला असे आटे अनेकदा असतात. तिथेही टेपपेक्षा तेल-उष्णता सहन करणारं द्रव थ्रेड सीलंट बरं. सुरुवातीचे एक-दोन आटे कोरडे ठेवायचे आणि डब्यावर लिहिलेला वेळ ते सुकू द्यायचं. हवा नसलेल्या जागी घट्ट होणाऱ्या जातीचं सीलंट जास्त झालं, तर उरलेलं द्रवच राहून तेलात वाहून जातं. टेपचा तंतू तसं करत नाही.

आपल्याकडे यात एक खास खोडा आहे. बाजारात सहज मिळणारे पाइपचे आटे ब्रिटिश पद्धतीचे, म्हणजे बीएसपी. टर्बोचे अडॅप्टर बहुधा अमेरिकी. एक अष्टमांश इंचाच्या मापात एनपीटीला इंचाला २७ आटे, बीएसपीला २८. एकाचा कोन ६० अंश, दुसऱ्याचा ५५. दोन्ही एकमेकांत काही फेरे सुखाने जातात, मग अडकतात. मिस्त्री म्हणतो, ‘बसला घट्ट!’ बसलेला नसतो, फसलेला असतो. याचाच दुसरा अवतार एसी-फ्रिजच्या दुकानात मिळतो. पाव इंची कॉपर नळीच्या फ्लेअर नटाचे आटे एएन-४ च्या आट्यांशी तंतोतंत जुळतात, पण फ्लेअरचा कोन ३७ नव्हे, ४५ अंशांचा असतो. नट शेवटपर्यंत फिरतो, बैठक मात्र एका रेषेवरच टेकते आणि जोड पाझरतो. मग त्यावर टेप! चुकीचा जोड बदलायचा सोडून त्याला पट्टी बांधण्याचा हा प्रकार.

बाकीचे गैरसमज एवढा वेळ खाण्याच्या लायकीचे नाहीत.

बँजो बोल्टचे जुने तांब्याचे वॉशर ‘चालतात’, असं म्हणतात. एकदा दाबलेलं तांबं कडक होतं आणि पुन्हा नीट बसत नाही. लाल होईपर्यंत तापवून ते मऊ करता येतं, पण नवा वॉशर इतका स्वस्त आहे की तो खटाटोप कशाला? आणि गळतंय म्हणून बँजो बोल्ट जीव खाऊन आवळू नये. तो आतून पोकळ असतो, तुटतो.

गॅस्केटवर सिलिकॉन लावलं की दुहेरी सुरक्षा, हाही समज तसाच. जेवढं सिलिकॉन बाहेर पिळून आलेलं दिसतं, तेवढंच आतही आलेलं असतं. फ्लँजवर कोरडं गॅस्केट आणि सपाट पृष्ठभाग पुरतो.

तेल टर्बोच्या सीलमधून बाहेर आलं म्हणजे सील गेलं, असं सरसकट ठरवणंही चुकीचं. टर्बोचं सील म्हणजे पिस्टन रिंगसारखी एक कडी. ती प्रामुख्याने वायूचा दाब अडवते, साचलेलं तेल नाही. तेल बाहेर पडायची वाट तुंबली किंवा क्रँककेसमध्ये दाब वाढला, की चांगल्या टर्बोतूनही तेल एक्झॉस्टमध्ये उतरतं. परतीच्या नळीत तेल फक्त गुरुत्वाकर्षणाने वाहतं. म्हणून गॅरेट ती नळी उभ्या रेषेपासून ३५ अंशांच्या आत ठेवायला सांगते; शिवाय तिचं दुसरं टोक इंजिनाखालच्या चेंबरमधल्या तेलाच्या पातळीच्या वर असावं लागतं. सुबक दिसावी म्हणून तिला झोका देऊन बांधणारे पुढे टर्बोलाच शिव्या घालतात.

पहिल्या स्टार्टआधी टर्बोच्या तोंडात थोडं स्वच्छ तेल ओतावं आणि इंजिन पेटू न देता स्टार्टर थोडा थोडा फिरवून नळीत तेल आल्याची खात्री करावी. त्यानंतर काही मिनिटं एक्झॉस्टमधून निळसर धूर आला, तर लगेच जोड सोडायला पाना उचलू नये. जुना टर्बो गेला तेव्हा एक्झॉस्टमध्ये उरलेलं तेल जळून जाईपर्यंत तो येतो. इंजिन एकदा तापून थंड झालं की जोड फडक्याने पुसून पाहावेत. एएनचा जोड तरीही ओला दिसला, तर तो सोडून शंकूची बैठक तपासावी.