ठासणीची बंदूक, एल्क आणि शंभर मीटर

ठासणीची बंदूक आपल्याला, निदान ऐकून तरी, माहीत असते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी सारायची, गजाने ठासायची आणि मग बार काढायचा. काडतुसे आल्यावर ही बंदूक मागे पडली खरी, पण नाहीशी झाली नाही. अमेरिकेतील रॉकी पर्वतराजीत, कोलोरॅडो राज्यात, दर सप्टेंबरमध्ये एल्कच्या शिकारीसाठी ठासणीच्या बंदुकांचा वेगळा हंगाम असतो. त्या हंगामात बंदुकीवर दुर्बीण लावण्यास मनाई आहे.

एल्क म्हणजे वापिटी हे मोठे हरीण, आपल्या काश्मीरमधील हंगुलचे नातेवाईक. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ३०० किलोग्रॅमच्या आसपास भरते. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शिकारीवर बंदी आणली, तेव्हा आपल्याला हा विषय फक्त कागदावर सोडवायचा आहे. पण प्रश्न मोलाचा आहे. गोळी हृदय-फुप्फुसांच्या भागात लागली तर जनावर लवकर मरते. ती चुकून पोटात किंवा पायात लागली तर ते जंगलात पळून जाते आणि हाल होऊन मरते. दुसरा बार भरायला अर्धा मिनिट तरी लागतो. म्हणून ‘दारू किती घालावी?’ या प्रश्नामागे खरा प्रश्न असतो तो ‘किती अंतरापर्यंत बार काढावा?’ हा.

गोळी केवढी असावी?

कोलोरॅडोच्या नियमानुसार एल्कसाठी नळीचा व्यास किमान अर्धा इंच (१२.७ मिलिमीटर) असावा लागतो. या नियमामागचे भौतिकशास्त्र सोपे आहे. ०.४९ इंच व्यासाच्या शिशाच्या गोल गोळीचे वस्तुमान सुमारे ११.५ ग्रॅम भरते, तर ०.५३ इंच व्यासाच्या गोळीचे सुमारे १४.५ ग्रॅम. व्यास वाढला फक्त ८ टक्के, वस्तुमान मात्र २६ टक्के! वस्तुमान व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. हवेचा विरोध ज्यावर अवलंबून असतो ते छेदाचे क्षेत्रफळ वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून मोठी गोळी आपला वेग अधिक चांगला टिकवून धरते.

नळीच्या आत सर्पिल आटे पाडलेले असतात. त्यांच्यामुळे गोळीला फिरकी मिळते आणि भोवऱ्याप्रमाणे तिची दिशा स्थिर राहते. गोल गोळी नळीपेक्षा किंचित लहान असते. ती तेल किंवा चरबी लावलेल्या सुती चिंधीत गुंडाळून ठासतात. चिंधी आट्यांत घट्ट बसते आणि गोळीला फिरवते. गोल गोळीला मंद पीळ पुरतो, उदाहरणार्थ ६६ इंचांत एक फेरा. लांबट गोळी हवेत कोलमडू नये म्हणून तिला जलद फिरकी लागते, तेव्हा तिच्यासाठी २८ इंचांत एक फेरा अशा नळ्या वापरतात. म्हणजे बंदुकीचा पीळ पाहूनच गोळी निवडावी लागते.

दारू आणि तिची काजळी

काळ्या दारूत साधारणपणे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असते. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक वस्तुमान वायू न होता घनरूपात उरते. पोटॅशियमचे हे क्षार नळीत साचतात, हवेतील ओल शोषतात आणि लोखंड गंजवतात. साचलेल्या काजळीमुळे पुढची गोळी ठासणे कठीण होते. चिंधीच्या वंगणाचा एक उपयोग ही काजळी मऊ ठेवणे हा आहे. इतिहास शिकवणाऱ्यांना येथे एक दुवा सापडेल. १८५७ च्या उठावाआधी वादाचा विषय झालेली एन्फिल्ड रायफलची काडतुसेही तोंडाकडूनच भरायची होती आणि त्यांनाही वंगण लागत होते.

काळ्या दारूच्या बंदुकीत आधुनिक धूरविरहित दारू कधीही घालत नाहीत. तिच्यामुळे निर्माण होणारा दाब ही नळी सोसू शकत नाही आणि बंदूक चालवणाऱ्याच्या हातात फुटते.

तयारी

प्रथम गज आत सोडून नळी रिकामी असल्याची खात्री करतात. मग साठवणीचे तेल पुसून काढतात, कारण तेलाने दारू भिजली तर ऐन वेळी बार फुसका जातो. दारू मापात घेऊन मगच नळीत ओततात. थेट बुधल्यातून ओतली आणि आत एखादी ठिणगी उरली असली, तर अख्खा बुधला पेट घेईल. गोळी दारूला टेकेपर्यंत ठासावी लागते. मध्ये पोकळी राहिली तर दाब भलत्याच जागी वाढून नळी फुगू किंवा फुटू शकते. यासाठी गजावर खूण करून ठेवतात. केप सर्वांत शेवटी चढवतात.

योग्य बार निशाण्याच्या फळीवर ठरवतात. कमी दारूपासून सुरुवात करून ती थोडी थोडी वाढवायची आणि दर मापाला तीन-तीन गोळ्या झाडून त्या किती जवळजवळ लागतात ते पाहायचे. कारखान्याने दिलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडायची नाही. ज्या मापाला गोळ्या सर्वांत जवळ पडतात ते माप खरे, सर्वांत मोठा आवाज करणारे नव्हे.

शंभर मीटरनंतर

समजा, १४.५ ग्रॅमची गोळी सेकंदाला ५०० मीटर वेगाने निघाली. तिची गतिज ऊर्जा सुमारे १८०० ज्यूल. पण गोल आकाराला हवेचा विरोध फार होतो. १०० मीटरवर वेग ३०० मीटरच्या आसपास येतो आणि ऊर्जा उरते सुमारे ६५० ज्यूल. दारू वाढवून मिळवलेल्या जादा वेगाचा बराचसा भागही अशीच हवा खाऊन टाकते.

त्याच वेळी गोळी खाली पडतही असते. ५० मीटर जायला तिला अंदाजे ०.११ सेकंद लागतो, १०० मीटरला ०.२६ आणि १५० मीटरला ०.४४. गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याला काळाच्या वर्गाने गुणले की गोळी किती खाली आली ते मिळते: अनुक्रमे सुमारे ६, ३३ आणि ९५ सेंटिमीटर! अंतर तिप्पट झाले, तर पडणे जवळजवळ सोळापट. ५० मीटरवर अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी बिघडत नाही. पण १५० मीटरवर वीस मीटरची चूक गोळीला वीसएक सेंटिमीटर खाली किंवा वर नेते, म्हणजे फुप्फुसांऐवजी पायाकडे किंवा पाठीच्या वर. म्हणूनच जाणता शिकारी दारू वाढवत बसत नाही. तो जनावराच्या अधिक जवळ जातो, आणि जाता आले नाही तर चापावरचे बोट काढून घेतो.

वर्गात काय करता येईल?

मातीच्या २ आणि ४ सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्या करून विद्यार्थ्यांना त्या तोलायला सांगावे. वजन आठपट भरेल. नंतर वरील तीन अंतरे आणि तीन उतार आलेख-कागदावर मांडून वक्र काढून घ्यावा. त्यावर २०० मीटरचा बिंदू अंदाजाने दाखवायला सांगितला, की तेथे बार का काढू नये हे विद्यार्थी स्वतःच सांगतील.