सुट्टीत कोणत्या पार्कात जावे?

१४ एप्रिलची जयंती पार पडते, मंडपाचे बांबू उतरतात, परीक्षा संपतात आणि घराघरांत एकच विषय निघतो : यंदा सुट्टीत कुठे जायचे? पूर्वी उत्तर ठरलेले असे, गावी. आता वर्गातली मुले वॉटर पार्कच्या गोष्टी सांगतात, मोबाईलवर फोटो दाखवतात, मग आपलीही मुले विचारतात. वडील बोटांवर हिशेब मांडतात, आजी म्हणते पैसे मोजून घसरगुंडीवर कशाला बसायचे, आणि विषय पुढच्या वर्षावर जातो.

आजीचे म्हणणे अगदीच खोटे नाही. तरीही वर्षातून एक दिवस मुलांना असा मिळावा, या मताचे आम्ही आहोत, आणि त्याला कारण आहे. १९३४ साली बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांबरोबर सहलीलाच निघाले होते. वेरूळची लेणी पाहायची होती. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी तिथल्या टाक्यातल्या पाण्याने हातपाय धुतले, तर टाके बाटवले म्हणून लोक अंगावर धावून आले. शेवटी किल्ला पाहू दिला तो पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, आणि बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. त्याआधी सातच वर्षे, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले होते. आज वॉटर पार्कच्या लाटांच्या तलावात शेकडो माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहतात. कोण कुणाचा, हे विचारायला कुणी येत नाही. त्या पाण्यात आपले लेकरू डुंबते तेव्हा तिकीट काही फुकट जात नाही. पार्कवाल्याच्या मनात समता उतू जात असते असे नव्हे, त्याला तिकिटाचा पैसा हवा असतो. पण हक्क आपला आहे, तो वापरावा.

करमणुकीच्या नावाखाली काय होऊ शकते तेही ध्यानात ठेवावे. नागपुरात अंबाझरी तलावाजवळचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन २०२१ मध्ये पाडले गेले. ती जागा पार्क उभारण्यासाठी खाजगी कंपनीकडे दिली होती. भवन पुन्हा उभे राहावे म्हणून २०२३ मध्ये आपल्या आयाबहिणींनी तिथे धरणे धरले आणि ऊन-पाऊस न पाहता महिनोन्‌महिने चालवले. पाळणे हवेत, पण आपल्या वास्तूच्या पायावर नकोत. नागपूरकडच्या वाचकांनी सुट्टीचा एक दिवस कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला जरूर द्यावा. १९९९ साली उभे राहिलेले ते बुद्धविहार आणि भोवतालची बाग लहान मुलांनाही आवडते.

मुंबई-पुण्याकडच्या कुटुंबांपुढे खोपोलीजवळचे इमॅजिका येते. खोपोली-पाली रस्त्यावरचे हे पार्क २०१३ साली सुरू झाले आणि पुढच्या वर्षी त्याला वॉटर पार्कची जोड मिळाली. साधे पाळण्यांचे मैदान आणि थीम पार्क यांतला फरक इथे दिसतो. प्रत्येक पाळण्यामागे काही गोष्ट असते, चित्रे असतात, सोंगे असतात. एकदा तिकीट घेतले की दिवसभर फिरता येते. खोपोलीपर्यंत लोकल जाते. पुढे रिक्षा किंवा बस, तेव्हा गाडीभाड्याचा खर्च आटोक्यात राहतो. मात्र पोरे अगदी लहान असतील तर घाई करू नये. ‘नायट्रो’सारख्या मोठ्या पाळण्यावर बसायला ठरावीक उंची लागते. दारात पट्टी लावून मोजतात आणि बोटभर कमी भरले तरी परत पाठवतात. सगळ्यांचे पैसे भरायचे आणि धाकट्याने खाली उभे राहून रडायचे, त्यापेक्षा तो वाढेपर्यंत दोन वर्षे थांबलेले बरे. घरीच दाराच्या चौकटीवर खूण करून उंची मोजावी. बऱ्याच पार्कांत मुलांचे तिकीटही वयावर नसते, उंचीवर असते.

खोपोलीपर्यंत गेलात आणि एखादा दिवस हाताशी असला, तर घाट चढून लोणावळ्याच्या पुढे मळवली स्टेशनवर उतरावे. एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. भाज्याची लेणी दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. तिथे चौदा स्तूप आहेत आणि काहींवर थेरांची नावे कोरलेली आहेत. मुलांना ती अक्षरे दाखवावीत. ही धम्मलिपी, म्हणजे ब्राह्मी. कार्ल्याचे चैत्यगृह भारतात कोरलेल्या चैत्यगृहांत सर्वांत मोठे. त्याच्या छताच्या लाकडी कमानी अजून जागेवर आहेत. लाकूड दोन हजार वर्षे टिकते, हे ऐकून मोठी माणसेही मान वर करून पाहत राहतात. खांबांवर दान देणाऱ्यांची नावे आहेत, त्यांत परदेशातून आलेले यवनही आहेत. कार्ल्याला गर्दी असते ती देवळाची. पुष्कळ लोक चैत्यात पाऊलही न टाकता परततात. त्यांच्या श्रद्धेविषयी आम्हांला काही म्हणायचे नाही, आपण मात्र आपला वारसा पाहिल्याशिवाय फिरू नये.

आता पैशाविषयी. दर सारखे बदलतात म्हणून आकडे छापत नाही, निघण्यापूर्वी फोन करून विचारावे. शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवसांपेक्षा मधल्या वारी तिकीट बहुधा स्वस्त पडते आणि रांगाही लहान असतात. ज्यांना साप्ताहिक सुट्टी मधल्या वारी मिळते त्यांनी हा फायदा घ्यावा. तिकिटाखेरीज कपड्यांचे भाडे, लॉकर आणि जेवण असे तीन खड्डे असतात. घरचा डबा आत नेऊ देत नाहीत. पाण्यात सुती साडी, ड्रेस किंवा बनियन चालत नाही, नायलॉनचेच कपडे लागतात. आपल्या बहिणी इथे संकोचून काठावर बसतात. तसे करू नये. पूर्ण बाह्यांचा आणि घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख बाजारात मिळतो, तो एकदा घेतला की दरवर्षी भाड्याला जाणारे पैसे वाचतात. विहारातल्या महिला मंडळाने मिळून जायचे ठरवले तर गटाला सवलत आहे का ते विचारावे. भिशीत दरमहा थोडे टाकत गेले तर मे महिन्यात कर्ज काढावे लागत नाही. सहलीसाठी कर्ज तर मुळीच काढू नये.

काही ठिकाणी जादा पैसे भरणाऱ्यांसाठी रांग न लावता पुढे जायची वेगळी वाट असते. उन्हात अर्धा तास उभ्या राहिलेल्या मुलांसमोरून ती मंडळी निघून जातात आणि मुले विचारतात, ते कसे गेले? खरे उत्तर द्यावे. त्यांनी जास्त पैसे दिले, म्हणून. हे बरोबर की चूक, याची चर्चा रांगेतच होऊ द्यावी. वेळ भरपूर असतो.

राहिले गोराई. तिथले एस्सेल वर्ल्ड १९८९ साली सुरू झाले आणि मुंबईच्या कामगार वस्त्यांतल्या एका सबंध पिढीच्या शाळेच्या सहली तिथे गेल्या. ते २०२२ मध्ये बंद झाले, तेव्हा जुन्या आठवणीवर विसंबून कुणी निघू नये. शेजारचे वॉटर किंगडम १९९८ चे. पाण्याचीच हौस असेल तर मुंबईकरांना हे जवळचे. बोरिवली स्टेशनवरून पश्चिमेला उतरायचे, बसने खाडीवर यायचे आणि बोट धरायची. पोरांना अर्धी मजा बोटीतच येते. त्याच स्टेशनच्या पूर्वेला राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी आहे. शंभराहून अधिक लेणी, आणि बहुतेक लेण्यांपाशी पावसाचे पाणी साठवण्यासाठी खोदलेली टाकी. भिक्खूंनी डोंगरावर पाणी कसे राखले ते पाहायला वेगळा दिवस काढावा. सोमवारी उद्यान बंद असते.

गोराईचा खरा लाभ निराळाच आहे. पार्काला लागूनच ग्लोबल विपश्यना पॅगोडा आहे, २००९ साली खुला झालेला. आत एकही खांब नाही, दगडात दगड अडकवून घुमट उभा केला आहे आणि त्याखाली आठ हजार माणसे ध्यानाला बसू शकतात. बुद्धांच्या अस्थिधातू तिथे आहेत. ज्यांनी विपश्यनेचे शिबिर केलेले नाही त्यांना मुख्य सभागृहात बसता येत नाही, काचेआडून पाहावे लागते. पण बुद्धांच्या जीवनावरील चित्रांचे दालन सर्वांना खुले आहे आणि प्रवेशाला पैसा लागत नाही. पार्कात तर पाण्यात न उतरणाऱ्यालाही तिकीट पडते. म्हणून आजी-आजोबांना पार्कातल्या बाकावर ओल्या टॉवेलांची राखण करायला बसवू नये. त्यांना सकाळी पॅगोडात सोडावे, सोबत घरातले एक जाणते माणूस असू द्यावे, डबाही त्यांच्याचपाशी ठेवावा. पॅगोडाचा परिसर मोठा आहे, पायऱ्याही पुष्कळ, तेव्हा चप्पल सोयीची आणि पाण्याची बाटली बरोबर असावी. संध्याकाळी भिजून भुकेलेली पोरे धक्क्यावर येतील तेव्हा भाकरी तिथेच सोडावी. परतीची शेवटची बोट किती वाजता, ते सकाळी उतरतानाच विचारून ठेवावे.