आठ एमएम केएफ

फैजपूरच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि तापीपलीकडे वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी. १९६४ पासूनचा हा कारखाना लष्करासाठी काडतुसं बनवतो. पण एखादंच काडतूस निरखायचं झालं, तर मी ३१५ बोअरचं मागेन. त्याच्याइतकं तऱ्हेवाईक जन्मवृत्त क्वचितच सापडेल.

त्याच्या बुडावर, टोपीभोवती, ‘८ एमएम केएफ’ असा ठसा असतो. केएफ म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचा, १८६९ सालचा दारूगोळा कारखाना. उत्तर प्रदेशातल्या कितीतरी खटल्यांच्या निकालपत्रांत घटनास्थळी सापडलेल्या पुंगळीचं वर्णन याच अक्षरांनी केलेलं असतं. खडकीनं कुठं कुठं जावं!

इंग्रज सरकारला एक धास्ती होती. शिकाऱ्याच्या रायफलीत सैन्याचं ३०३ काडतूस बसलं, तर कोठारातून पळवलेला माल तिथंच खपायचा. मग बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीनं सांगाडा ठेवला सैन्याच्या ली-एनफिल्डचाच, पण नळी दिली ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातल्या मानलिखर काडतुसाच्या मापाची. आपल्या फौजेची गोळी बसू नये म्हणून परक्या फौजेची बसवली! स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यानं हीच रायफल चालू ठेवली. ३१५ म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले ३१५, म्हणजेच आठ मिलिमीटर. गोळी मात्र ३२३ भागांची, नळीपेक्षा किंचित जाड. ती रेटली जाते, आतल्या आट्यांत रुतते आणि गरगरत बाहेर पडते. ती गरगर नसती तर गोळीनं हवेत कोलांट्या खाल्ल्या असत्या.

पण खरी करामत गोळीची नाही, पुंगळीची आहे. सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त. पितळेची वाटी साच्यांतून पुन्हा पुन्हा ओढून लांबवतात. दर ओढीला धातू कडक होतो, म्हणून मध्ये मध्ये तापवून नरम करावा लागतो. शेवटी बूड कडक आणि मान मऊ राहील, असा बेत असतो. बार उडाला की हवेच्या हजारो पट दाबानं पुंगळी फुगते, नळीच्या घराला घट्ट चिकटते आणि वायूला मागे येऊ देत नाही. पुढच्याच क्षणी ती केसभर आक्रसते, म्हणून तर बोल्ट ओढल्यावर सुटून येते. पोलाद इतकं सहज फुगत नाही, शिसं परत आक्रसत नाही. पितळ दोन्ही करतं.

याच पितळेनं ब्रिटिश फौजेला हिंदुस्थानात चकवलं. तबेल्यांजवळ ठेवलेली काडतुसं पावसाळ्यात, कुणी हात न लावता, आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि ओढताना धातूत कोंडून राहिलेला ताण, हे तिघं मिळून पितळ फोडतात, याचा उलगडा १९२१ मध्ये झाला.

खानदेशात ठासणीच्या बंदुका होत्या तेव्हा प्रत्येक बार हातानंच भरला जाई: दारू, चिंधी, छर्रे, गज. काडतूस आलं आणि हे काम कारखान्याकडे गेलं. परदेशात जुन्या मानलिखर रायफली बाळगणारे शौकीन मात्र अजून हातानं भरतात, कारण दुकानात हे काडतूस सहसा मिळत नाही. (आपल्याकडे काडतूस बनवायलाही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, आणि शिकारीची दारं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद केली.) हे परदेशी शौकीन रशियन ७.६२ मापाची पुंगळी घेतात. तिचं बूड जवळपास तेवढंच, पण लांबी चार मिलिमीटरनं जास्त आणि मान अरुंद. मान रुंदावायची, खांदा मागे दाबायचा, जास्तीचं पितळ छाटायचं. मग दारू तोलायची, तीही ग्रेनच्या दहाव्या हिश्शापर्यंत. सराफाच्या एका गुंजेचे जवळपास एकोणीस भाग केले, तर त्यातल्या एकाएवढा फरक! एवढी किटकिट अशासाठी, की दारू थोडी वाढली तरी दाब त्या मानानं फार जास्त चढतो.

एवढं करूनही ही पुंगळी पहिल्या बारापर्यंत अर्धीकच्चीच. बार उडतो तेव्हा ती फुगून त्या रायफलीच्या घराचा हुबेहूब आकार घेते, कारागिरानं घर कोरताना ठेवलेल्या बारीकसारीक उण्याअधिकासकट. पुढच्या वेळी भरली की ती त्या रायफलीत अलगद बसते. त्याच कारखान्यातल्या, त्याच मापाच्या दुसऱ्या रायफलीत ती कदाचित अडकेलही.